कोर्मा, विंदालू आणि "हे काय आपलं जेवण नव्हे!"

इंग्लंडात ऑनसाईट आलेला देशी माणूस पहिल्या महिन्याभरात तीन गोष्टी करतोच करतो. एक, दिसेल त्या किमतीला शंभरानं गुणतो. दोन, हवेच्या नावानं बोटं मोडतो. आणि तीन, कोपऱ्यावरच्या 'इंडियन'मध्ये एकदा जेवून येतो आणि दुसऱ्या दिवशी हापिसात जाहीर करतो, "छे! हे काय आपलं जेवण नव्हे."

पहिल्या दोन सवयी हळूहळू सुटतात. तिसरी सुटत नाही. आमच्या टीममध्ये आम्ही सात देशी आहोत. आमचं आजवर कशावरही एकमत झालेलं नाही. बिर्याणीत बटाटा असावा का, यावर तर दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं. पण इथल्या करी हाऊसला नावं ठेवायची म्हटली की सातही डोकी एकदम डोलतात.

मला या वाक्याबद्दल तक्रार आहे. दीड वर्ष साठवून ठेवली होती. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, रिलीज परवाच झालंय आणि अजून तरी कुणाचा फोन आलेला नाही. तेव्हा लिहूनच टाकतो.

हे वाक्य आपण आपापसात बोललो तर फार बिघडत नाही. दोन घटका करमणूक होते. गंमत जाते ती ते भलत्या माणसासमोर बोललं की. आमच्या टीममध्ये टेस्टिंगचं काम बघणारे एक गृहस्थ आहेत, पन्नाशीचे, जन्मापासून याच गावात राहिलेले. एकदा कँटीनमध्ये ते सांगत होते की नऊ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना पहिल्यांदा 'इंडियन'मध्ये नेलं. घरात उकडलेल्या भाज्या आणि भाजलेलं मांस सोडून दुसरं काही माहीत नव्हतं. वडिलांनी घाबरत घाबरत पोरासाठी चिकन कोर्मा मागवला. तो घास, तो वास, ते पितळी भांडं, खाली मेणबत्ती लावलेली ती शेगडी, सगळं त्यांना अजून आठवतं. त्यानंतर दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बापलेक तिथे जायचे. वडील गेले, तरी हे अजून जातात. सांगून झाल्यावर त्यांनी अगदी कौतुकानं विचारलं, "तुमच्या घरी आई असाच कोर्मा करते का?"

आमच्यातला एक वीर फटकन म्हणाला, "ते इंडियन फूड नाहीच मुळी. आमच्याकडे कुणी असलं खात नाही."

माणूस सभ्य. हसला, 'असं होय' म्हणाला आणि सँडविचकडे वळला. पण त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. चाळीस वर्षं जपलेली एक गोष्ट आपण अर्ध्या मिनिटात बाद करून टाकली, आणि तिच्या जागी दिलं काय? काहीच नाही. निदान एखादा डबा तरी उघडायचा पुढ्यात!

आता मुद्द्याकडे येतो. करी हाऊसचं जेवण खोटं आहे, हे म्हणणं मुळात माहितीच्या पातळीवरच टिकत नाही, असं माझं मत आहे.

इंग्रजांचं आणि करीचं प्रकरण आपल्याला वाटतं त्याहून फार जुनं आहे. हॅना ग्लास नावाच्या बाईंचं पाककृतींचं पुस्तक १७४७ साली लंडनला निघालं. त्यात 'इंडियन पद्धतीची करी' आहे. मसाला म्हणाल तर धणे आणि मिरी. हळद-आलं पुढच्या आवृत्त्यांत आलं. म्हणजे पानिपतच्या चौदा वर्षं आधी तिकडे कुणीतरी चुलीवर धणे भाजत होतं! १८१० साली पाटण्याहून आलेल्या दीन महोमेद या गृहस्थांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदोस्तानी कॉफी हाऊस' काढलं, हुक्का वगैरेसकट. दोन वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. १९२६ साली रीजंट स्ट्रीटवर 'वीरास्वामी' सुरू झालं, ते साहेबांसाठी, राजेमहाराजांसाठी. हे सगळं झालं वरच्या वर्गाचं.

सामान्य माणसापर्यंत करी पोचवली ती दुसऱ्याच लोकांनी. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या इंजिनखोलीत कोळसा ओढायला सिल्हेटचे लोक असायचे. ते काम किती जीवघेणं असेल याचा विचार करा. त्यातले काही जण लंडनच्या बंदरात बोट सोडून पळाले, हॉटेलांत भांडी घासली, भाज्या चिरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बहल्ल्यात मोडकळीला आलेले कॅफे आणि मासे-चिप्सची दुकानं स्वस्तात मिळत होती, ती यातल्या काहींनी घेतली. मासे आणि चिप्स चालूच ठेवले, शेजारी एका पातेल्यात करी. पब रात्री अकराला बंद होत, यांची दुकानं उशिरापर्यंत उघडी. पबातून बाहेर पडलेलं भुकेलं गिऱ्हाईक आधी चिप्स मागायचं, मग चिप्सवर थोडी करी घाल म्हणायचं, मग एक दिवस नुसती करीच मागायचं. देशभर करी पसरली ती बरीचशी या वाटेनं.

आणखी एक. ही माणसं घरून निघाली तेव्हा त्यांचा सिल्हेट ब्रिटिश हिंदुस्थानात, आसामात होता. १९४७ साली तो पूर्व पाकिस्तानात गेला आणि १९७१ साली बांगलादेशात. माणसं तिथेच, दुकानं तिथेच, देश मात्र दोनदा बदलला. पाटीवर 'इंडियन' राहिलं, कारण गिऱ्हाईक त्याच नावाला ओळखत होतं. आजही इथल्या बहुतेक 'इंडियन'चे मालक सिल्हेटी आहेत. तेव्हा "हे आपलं जेवण नव्हे" हे एका अर्थी खरंच आहे. पण मग ते ज्यांचं आहे त्यांना त्याचं श्रेय द्या की!

आता थोडं इंजिनिअरिंग. (शेवटी जित्याची खोड!)

प्रश्न असा आहे. मेनूवर ऐंशी पदार्थ. स्वयंपाकघर मुंबईतल्या वन बीएचकेच्या किचनएवढं. माणसं तीन. शुक्रवारी रात्री साडेआठला साठ लोक एकदम येऊन बसलेत, निम्मे आधीच दोन-दोन पाईंट रिचवून आलेले. दहा मिनिटांत गरम ताट समोर आलं पाहिजे आणि चव दर शुक्रवारी तीच हवी. करा डिझाईन!

करी हाऊसवाल्यांनी केलेलं डिझाईन मला फार आवडतं. ते आधी बेस ग्रेव्ही करतात. ढीगभर कांदा, आलं, लसूण, थोडं गाजर-सिमला मिरची-टोमॅटो, तेल, हळद, मसाला आणि भरपूर पाणी घालून तास-दीड तास उकळायचं आणि गुळगुळीत वाटून पातळ करून ठेवायचं. ही झाली कॉमन लायब्ररी. चिकन, मटण आधीच शिजवून ठेवलेलं. ऑर्डर आली की मोठ्या आचेवर तव्यात तेल, आलं-लसूण, मसाल्याची पूड, टोमॅटोची प्युरी, त्यावर पळीभर बेस, आणि मग प्रत्येक पदार्थाचं आपापलं कॉन्फिगरेशन. नारळाची पूड, साखर आणि क्रीम गेलं की कोर्मा. तिखटपूड आणि लिंबू गेलं की मद्रास. आणखी तिखट आणि बटाट्याची फोड गेली की विंदालू. जास्तीचा कांदा म्हणजे दोप्याजा. शिजलेली डाळ, आंबटगोड आणि कधीकधी चक्क अननस म्हणजे धनसाक. विंदालूही ज्यांना कमी पडतो त्यांच्यासाठी 'फाल' नावाचा जाळ, तो तर इथेच जन्माला आलाय.

एक बेस, ऐंशी आउटपुट. आमच्या आर्किटेक्टला गेली तीन वर्षं हे जमलेलं नाही. :-)

यावर आपले लोक नाक मुरडतात, "सगळ्याला एकच ग्रेव्ही!" अहो, आपल्याकडे हायवेवरच्या कुठल्याही फॅमिली गार्डनच्या मुदपाकखान्यात डोकावून बघा. रेड ग्रेव्ही, व्हाईट ग्रेव्ही, ब्राऊन ग्रेव्ही, पालक ग्रेव्ही अशी चार पातेली दिसतील आणि त्यातूनच कढाई, हंडी, अंगारा, तूफानी असा दोनशे नावांचा मेनू निघतो. तिथे आपण "वेटर, जरा ग्रेव्ही एक्स्ट्रा" म्हणतो ना?

आता नावांकडे येऊ. आपल्या लोकांची सगळ्यात जास्त चिडचिड नावांवर होते, आणि खरं सांगायचं तर नावांची गंमतही तितकीच आहे. 'पेशवारी नान' वाचून मला शनिवारवाडाच आठवला होता. निघालं पेशावर. आत खोबरं, बेदाणे आणि बदाम. पेशावरला नारळाचं झाड कुणी पाहिलंय कोण जाणे! 'ओनियन भाजी' मागवली की येते कांदाभजी. 'बॉम्बे आलू' आख्ख्या मुंबईत कुणी मागवत नाही आणि 'मद्रास करी' नावाचं चेन्नईत काही नाही. बर्मिंगहॅमच्या बाल्टीचं तर विचारूच नका. सत्तरच्या दशकात तिथल्या पाकिस्तानी काश्मिरी मंडळींनी पातळ पोलादी कढईत झटपट करी शिजवून त्याच कढईत वाढायला सुरुवात केली आणि नाव पडलं बाल्टी. आपण म्हणतो, "बादलीतलं जेवण!" नावाच्या उगमाबद्दल तिकडे वाद चालू आहेत ते वेगळेच.

पण दोन नावांच्या बाबतीत मात्र थट्टा करून भागत नाही.

एक विंदालू. इथे विंदालू म्हणजे मर्दानगीची परीक्षा. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी इंग्लंडच्या पाठीराख्यांचं जे गाणं गाजलं त्याचं नावच 'विंदालू' होतं. मूळ पदार्थ गोव्याचा. पोर्तुगीज खलाशी मांस वाईन आणि लसणात मुरवून आणायचे, त्या पदार्थाच्या नावातच वाईन आणि लसूण आहेत. गोव्यात वाईनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, त्यात वाटलेली लाल मिरची आणि मसाले आले. डुकराचं मांस, दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागणारं. त्यातल्या 'आलू'चा बटाट्याशी काडीचाही संबंध नाही. पण नाव ऐकून कुणीतरी बटाटा टाकला आणि तो तिथेच बसला. गंमत म्हणजे मिरची आणि बटाटा दोन्ही आपल्याकडे आणले पोर्तुगीजांनीच. आपला 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. 'पाव'ही त्यांचाच. म्हणजे वडापाव या अस्सल मराठमोळ्या पदार्थातून पोर्तुगीज सामान काढून टाकायचं ठरवलं तर हातात उरणार बेसन आणि लसूण! अस्सलपणाचा हट्ट धरताना हे लक्षात असलेलं बरं.

दुसरा धनसाक. पारशी घरांत तो रविवारच्या दुपारचा राजा. डाळी, भाज्या आणि मटण एकत्र शिजवलेलं, सोबत तपकिरी भात आणि कचुंबर, आणि नंतर गाढ झोप. पण लग्नमुंजीसारख्या शुभकार्यात तो करत नाहीत. घरात कुणी गेलं की काही दिवस मांसाहार वर्ज्य असतो, तो मोडताना चौथ्या दिवशी धनसाक होतो. आणि इथे तोच धनसाक वाढदिवसाच्या पार्टीत अननसाच्या फोडीसकट येतो.

आमच्या सातांमध्ये एक गोव्याची मुलगी आहे, मडगावकडची. तिचं म्हणणं मला पटतं. ती म्हणते, "बदल करा की, कोण नको म्हणतंय? पण नाव आमचं घेतलंत तर निदान एकदा विचारा तरी, हे कुणाच्या घरचं आहे म्हणून." बरोबर आहे तिचं. पदार्थ बदलला याचं मला दुःख नाही. नावामागचं घर पुसलं जातं, याचं आहे. पण यावरचा उपाय काय? "हे खोटं आहे" असं म्हणून ते घर काही परत दिसत नाही. विंदालूची गोष्ट सांगितली तर दिसतं. ही मुलगी तेच करते. नाताळात तिनं घरून शिकून घेतलेला विंदालू डब्यातून आणला होता. तिखट कमी, आंबट जास्त. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं दोनदा घेतला आणि विचारलं, "यात बटाटा कुठाय?" मग झाली अर्धा तास पोर्तुगीजांची चर्चा. स्टँडअप मीटिंग बोंबलली.

आता आपल्याकडे वळतो, कारण आरसा बघणंही गरजेचं आहे.

मी कराडचा. आमच्या घरी लहानपणी पनीर हा पदार्थच नव्हता. रोजचं जेवण म्हणजे भाकरी, कांदा-लसूण चटणी घातलेलं कालवण, एखादी उसळ. परीक्षा संपली, कुणाचा पगार वाढला की हायवेवरच्या हॉटेलात जायचं, तिथे फॅमिली रूममध्ये बसायचं आणि मेनूकार्डातलं 'पंजाबी डिशेस' हे पान उघडायचं. पनीर बटर मसाला, दाल फ्राय, जीरा राईस, बटर रोटी. मालक उडुपीकडचा, आचारी नेपाळचा, ग्रेव्ही गोडसर लाल आणि आम्ही बोटं चाटत पंजाब जाणून घेत होतो! माझ्या पिढीतल्या लाखो मराठी पोरांची दुसऱ्या प्रांताच्या जेवणाशी पहिली ओळख अशीच झालेली आहे. टेस्टिंगवाल्या साहेबांचा कोर्मा आणि आमचा पनीर बटर मसाला यात मला तरी तसूभर फरक दिसत नाही.

पुढे पुण्याला इंजिनिअरिंगला माझा रूममेट होता जालंधरचा. त्यानं आमच्याबरोबर डेक्कनवर तोच पनीर बटर मसाला डझनावारी वेळा हाणला. एकदाही "हे पंजाबी नव्हे" म्हणाला नाही. फक्त एका सुट्टीत मला घरी घेऊन गेला. तिथे त्याच्या आईनं कढी-चावल वाढला, दुसऱ्या दिवशी राजमा. लाल ग्रेव्ही नाही, काजू नाही, क्रीम नाही. माझ्या डोक्यातला पंजाब एका जेवणात दुरुस्त झाला आणि तो कुणी मला कमी लेखून केला नाही. शिकवायची ही पद्धत मला फार मोठी वाटते.

बरं, त्या बटर ग्रेव्हीची तरी कुळकथा काय? फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीला आलेल्या मंडळींनी दर्यागंजमध्ये 'मोती महल' काढलं. तंदूरचं चिकन कोरडं पडू नये म्हणून टोमॅटो-लोण्यात घातलं, ते बटर चिकन. ते नेमकं कुणी शोधलं यावरून २०२४ साली दिल्ली हायकोर्टात दावा दाखल झाला. इकडे ग्लासगोचे 'शीश महल'वाले अली अहमद अस्लम सांगायचे की सत्तरच्या दशकात एका गिऱ्हाईकानं चिकन टिक्का कोरडा म्हणून तक्रार केली, तेव्हा टोमॅटो सूपमध्ये मसाले घालून आम्ही टिक्का मसाला केला. ते डिसेंबर २०२२ मध्ये वारले. दावे इतरांचेही आहेत. पण दोन्ही गोष्टी बघा, कोरडं चिकन आणि टोमॅटो! एकीला आपण 'अस्सल' म्हणतो, दुसरीला 'नकली'. का? एक दिल्लीत झाली आणि एक ग्लासगोत, एवढंच ना?

२००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी एका भाषणात चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं होतं. टिक्का हिंदुस्थानी, आणि रश्श्याशिवाय मांस न खाणाऱ्या इंग्रजांसाठी वर घातलेला मसाला, असं त्यांचं स्पष्टीकरण. राजकारण्याचं भाषण होतं, पण मुद्दा चुकीचा नव्हता.

आणि चायनीज? आमच्या टीममधल्या चिनी मुलीला मी एकदा गोबी मंचुरियन खायला घातलं. "काय आहे हे?" म्हणाली. म्हटलं, "चायनीज!" ती इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, "मस्त आहे, अजून आहे का?" गल्लोगल्लीच्या गाड्यावर मिळणारी आपली 'चायनीज भेळ' तिला दाखवायची अजून बाकी आहे. ती जर नाक मुरडून "आमच्याकडे कुणी असलं खात नाही" म्हणाली असती, तर मला कसं वाटलं असतं? उत्तर तुमचं तुम्हीच द्या.

तर मग "हे खरं इंडियन फूड आहे का?" असं कुणी विचारलं की म्हणायचं काय?

माझं उत्तर ठरलेलं आहे. हे इथल्या सिल्हेटी लोकांनी घडवलेलं ब्रिटनचं जेवण आहे, खरंखुरं आहे, आणि त्याचे आजी-आजोबा आमच्याकडचे आहेत. त्यांना भेटायचं असेल तर शनिवारी घरी ये.

टेस्टिंगवाले साहेब आले होते. मी अख्खा मसूर केला. कराड-इस्लामपूरकडच्या धाब्यांवर मिळतो तसा, घरून आणलेली कांदा-लसूण चटणी घालून. रोट्या मात्र विकतच्या, कारण माझ्या रोट्यांना आकार नसतो. पहिल्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम आला, पण ताट त्यांनी पुसून खाल्लं. मग प्रश्न आला, "ही कुठली करी?" म्हटलं, करी नाही. "मग करीला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" आणि मी अडलो. करी हा शब्द तमिळ 'करी'वरून आला म्हणतात, इंग्रजांनी तो दिसेल त्या ओल्या पदार्थाला चिकटवला. आपल्याकडे असा एक शब्दच नाही! मी बोटं मोजत सांगत गेलो. मटणाचा तो रस्सा. डाळीची ती आमटी. आमच्याकडे रोजचं ते कालवण. टोमॅटोचं सार. आळूची पातळ भाजी. मटकीची उसळ. मिसळीवरचा कट. गोव्याकडे माशाचं हुमण. दोन्ही हात संपले. ते म्हणाले, "म्हणजे मी चाळीस वर्षं फक्त दारात उभा होतो." म्हटलं, पण दारापर्यंत आलात म्हणून तर आत बोलावता आलं.

त्यांना कोर्मा अजूनही आवडतो. आवडू दे की. तो वडिलांचा आहे.

राहता राहिले करी हाऊसवाले. आमच्या गावात ज्यांचं दुकान आहे त्या चाचांशी माझी ओळख झाली आहे. हिंदी ते सिनेमांवर शिकलेत, माझी सिल्हेटी शून्य, तरी चालतं. एका रविवारी दुपारी दुकान रिकामं होतं. मी विचारलं, "चाचा, तुम्ही स्वतः काय जेवता?" ते आत गेले आणि एक वाडगा घेऊन आले. माशाचा पातळ रस्सा, क्रीम नाही, रंग नाही, आणि त्यात शातकोरा नावाच्या सिल्हेटकडच्या लिंबासारख्या फळाची साल. कडसर आंबट. त्या दोन घासांनी कोकमाची आठवण आली. म्हटलं, हे मेनूवर का नाही? चाचा म्हणाले, "बेटा, ठेवलं होतं एकदा. कुणी मागवलं नाही. कोर्म्यानं माझी तीन पोरं शिकली."

ती तीन पोरं आज अकाउंटंट, फार्मासिस्ट आणि (आपल्याच धंद्यात) आयटीत आहेत. दुकानात यायला कुणी तयार नाही, आणि बापाचीही तशी इच्छा नाही. देशाहून आचारी आणायचे तर व्हिसाचे नियम कडक. चाचांचं दुकान विकायला काढलंय. इथे अशी कितीतरी दुकानं बंद झाली आणि होताहेत. पुढची पिढी कदाचित लंडनमधल्या चकचकीत जागी जाऊन 'रीजनल' जेवण जेवेल. चांगलंच आहे. २०१० साली सुरू झालेल्या 'डिशूम'सारख्या ठिकाणी मुंबईच्या इराणी कॅफेच्या आठवणी विकल्या जातात आणि बाहेर रांगा लागतात. पण त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाची जीभ तयार केली कुणी? कोळशाच्या खोलीतून आलेल्या, परक्या देशाच्या नावाची पाटी लावून चाळीस-पन्नास वर्षं रात्री एक वाजेपर्यंत झिंगलेल्या गिऱ्हाइकांना हसून वाढणाऱ्या लोकांनीच ना? आपण इथे विमानातून उतरलो, मॅनेजरनं स्वागत केलं, आणि कुणी "हे काय खाता, वास येतो" म्हणालं नाही. हे आपोआप नाही झालेलं. यात त्या कोर्म्याचाही वाटा आहे.

तेव्हा मंडळी, ऑनसाईट याल तेव्हा करी हाऊसमध्ये जरूर जा. नाही आवडलं तर नाही आवडलं, चवीवर जबरदस्ती नाही. मलाही कोर्मा गोड मिट्ट लागतो. पण बिल देताना मालकाला एवढं जरूर विचारा, "तुम्ही घरी काय जेवता?" आणि हापिसात कुणी आपल्या पहिल्या करीची गोष्ट सांगायला लागला, तर ती पुरती ऐकून घ्या. मग त्याला घरी जेवायला बोलवा. पिठलं-भात तर कुणालाही येतो.

असो. कुकरची तिसरी शिट्टी झाली. उठतो.